लाकडाच्या कलाने

23 जून 2016 रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. युरोपीय संघातून बाहेर पडावं असं 51.9 टक्के मतदारांनी म्हटलं, राहावं असं 48.1 टक्क्यांनी. पुढची काही वर्षं तिथल्या वर्तमानपत्रांत हुजूर पक्षाविषयी, मंत्रिमंडळाविषयी, कधी अख्ख्या देशाविषयी लिहिताना एक शब्द पुन्हा पुन्हा येत राहिला : ‘रिव्हन’. आपल्याकडच्या इंग्रजी दैनिकांच्या अग्रलेखांतही तो अधूनमधून भेटतो. एखाद्या पक्षात गटबाजी माजली, एखाद्या गावात जातीवरून उभी फूट पडली, की लिहिणाऱ्याला हा शब्द सुचतो. दुभंगलेला, उभा चिरलेला हा त्याचा अर्थ संदर्भावरून सहज लागतो. मात्र तो ज्या क्रियापदापासून निघाला, ते ‘राइव्ह’ हे क्रियापद जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांपैकीही फार थोड्यांनी कधी तोंडात घेतलेलं असतं.

रूपांचं गणित सोपं आहे. ‘ड्राइव्ह’चं ‘ड्रिव्हन’ होतं तसं ‘राइव्ह’चं ‘रिव्हन’. ‘ड्राइव्ह’चा भूतकाळ ‘ड्रोव्ह’, तसा याचाही एके काळी ‘रोव्ह’ होता. तो गेला, आता कुणी वापरलंच तर ‘राइव्ह्ड’ म्हणतात. मूळ क्रियापद मागे पडावं आणि त्याचं एखादं विशेषणासारखं रूप तेवढं उरावं, असं इंग्रजीत बऱ्याच शब्दांचं झालं आहे. लोणी वितळलं तर ते ‘मेल्टेड’, पण लाव्हा मात्र ‘मोल्टन’. ते ‘मेल्ट’चंच जुनं रूप. पावसाने चिंब झालेल्या जमिनीला ‘सॉडन’ म्हणतात, आणि तो शब्द मुळात ‘सीद’ म्हणजे उकळणं या क्रियापदाचा आहे, हे आज कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘रिव्हन’ याच पंगतीतला. पण त्याच्या टिकून राहण्याला आणखी एक कारण असावं असं मला वाटतं. ‘राइव्ह’ म्हटलं की फोडणारा सांगावा लागतो. ‘रिव्हन’ म्हटलं की फक्त फुटलेली वस्तू समोर येते. कुणी फोडली हा प्रश्न वाक्यात उभाच राहत नाही. राजकारणावर लिहिणाऱ्याला ही सोय फार मोठी आहे.

क्रियापद आलं उत्तरेकडून. नवव्या शतकापासून डेन्मार्क आणि नॉर्वेतले लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन वसले. लुटायला आलेले पुढे शेती करायला राहिले, लग्नं झाली, आणि त्यांच्या बोलीतले शब्द इंग्रजीच्या घरात कायमचे राहायला आले. ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’, ‘लॉ’, ‘टेक’, एवढंच काय, ‘दे’ हे सर्वनामसुद्धा त्यांचं. त्यांच्या ‘रीफा’ या फाडणं अशा अर्थाच्या क्रियापदाचं इंग्रजीत ‘राइव्ह’ झालं. डॅनिशमध्ये ते अजून रोजच्या वापरात आहे. तिथे किसणीचं नाव ‘फाडण्याचं लोखंड’ अशा अर्थाचं आहे, आणि त्या नावाचा पहिला अर्धा भाग म्हणजे हेच क्रियापद. इंग्रजीत त्याचं सख्खं भावंड म्हणजे ‘रिफ्ट’ : मैत्रीत पडलेली भेग, आणि पूर्व आफ्रिकेतली ती प्रचंड खचदरीही. ‘रिव्हर’, ‘रायव्हल’, ‘अराइव्ह’, ‘डिराइव्ह’ हे शब्द दिसायला जवळचे वाटले तरी ते लॅटिन घराण्यातले, काठ आणि ओढा या अर्थांच्या मुळांतून आलेले. ते या क्रियापदापासून निघालेले नाहीत.

शब्दकोशात ‘राइव्ह’पुढे फोडणं, फाडणं, चिरणं असं सगळं एका ओळीत दिलेलं असतं. एवढ्यावर भागवलं तर शब्दाचा जीव हातातून निसटतो. तो पकडायचा तर लाकडाकडे जायला हवं.

लाकडाचे तुकडे आपण दोन तऱ्हांनी करतो. चुलीसाठी कुऱ्हाडीने फोडतो, किंवा फळीसाठी करवतीने कापतो. फोडताना तुकडा कसा निघेल याची फिकीर नसते. करवतीने कापताना फळी हवी तशी निघते, पण करवत लाकडाला काहीच विचारत नाही. रेषा कुठे वळली, कुठे तिरकी गेली, याची पर्वा न करता दोरीने आखलेल्या खुणेवरून सरळ पुढे जाते. ‘राइव्ह’ म्हणजे तिसरी तऱ्हा. ओल्या ओंडक्याला पाचर लावून त्याच्या अंगच्या उभ्या रेषेने तो उलगडायचा, आणि तरीही हव्या त्या जाडीचा तुकडा काढायचा. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं काम बुरूड करतो. ओल्या बांबूच्या टोकाला कोयतीने चीर द्यायची, मग दोन्ही हातांनी दोन भाग धरून ओढत न्यायचं, की कांब शेवटपर्यंत आपोआप सुटत जाते. एक बाजू जाड होऊ लागली तर हात किंचित वाकवून चीर पुन्हा मधोमध आणायची. सूप, टोपली, रोवळी, कणगी यांच्या सगळ्या कांबी अशा निघतात. करवतीने कापलेल्या पट्टीची टोपली विणून पाहिली तर पहिल्याच वळणाला ती मोडेल, कारण तिच्यातले तंतू जागोजागी तुटलेले असतील.

इंग्लंड-अमेरिकेत हे काम ओक, ॲश आणि चेस्टनट या झाडांवर होतं, आणि त्यासाठी ‘फ्रो’ नावाचं हत्यार असतं. वीत-दीड वीत लांबीचं जाड लोखंडी पातं, त्याच्या एका टोकाला कडं, आणि त्या कड्यात काटकोनात उभा बसवलेला लाकडी दांडा. पात्याला धार नसते म्हटलं तरी चालेल. बोथट माणसाला किंवा बोथट चाकूला फ्रोची उपमा देण्याची पद्धत अमेरिकेच्या खेड्यांत होती. धार नको, कारण याने काही कापायचंच नसतं. ओंडका उभा करायचा, त्याच्या माथ्यावर पातं बरोबर मध्यावर टेकवायचं, आणि पात्याच्या पाठीवर लाकडी मोगरीने ठोकायचं. दोन-तीन ठोक्यांत पातं आत जातं. इथून पुढे मोगरी बाजूला. आता दांडा धरून स्वतःकडे ओढायचा. पातं आतल्या आत तिरकं होतं, दोन्ही बाजू एकमेकींपासून ढकलल्या जातात, आणि चीर पात्याच्या बरीच पुढे धावते. कान दिला तर तंतू एकेक करून सुटताना ऐकू येतात. चीर पुढे गेली की पातं खाली सरकवायचं, पुन्हा दांडा ओढायचा.

कसब पुढेच आहे. चीर नेहमी मधोमध चालत नाही. एका बाजूला कलते, आणि मग एक तुकडा खाली जाईपर्यंत पातळ होत होत संपतो. त्यासाठी झाडाच्या दुबेळक्याची एक अडण केलेली असते. तुकडा त्या अडणीत आडवा अडकवायचा, जाड भाग खालच्या अंगाला येईल असा फिरवायचा आणि त्या जाड भागावर हाताने किंवा गुडघ्याने जोर द्यायचा. जो भाग वाकतो त्याच्याकडे चीर वळते. जोर बरोबर बसला तर ती हळूहळू मध्यावर परत येते. म्हणून सुरुवात नेहमी अर्ध्यावरून होते : ओंडक्याचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दोन्ही बाजू सारख्या जाडीच्या असल्या की चिरेला कुणा एकीकडे जाण्याचं कारण राहत नाही. कडेची एक पातळ फळी तेवढी सोलून काढू म्हटलं, तर ती बहुधा फसते.

ओंडका ओला लागतो. तोडल्यानंतर वर्षभर पडलेला ओक दगडासारखा होतो. ओल्या ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. लोखंडाशी गाठ पडली की ते निळं-काळं होतं, त्यामुळे हे काम करणाऱ्याचे हात संध्याकाळी शाई सांडल्यासारखे दिसतात. हिरड्याच्या पाण्यात लोखंड घालून आपल्याकडे काळा रंग करत, तीच ही रसायनक्रिया. आणि झाड सरळ वाढलेलं लागतं. काही झाडांचे तंतू बुंध्याभोवती मळसूत्रासारखे वळत जातात. सालीवरच्या भेगा तिरक्या दिसल्या की जाणता माणूस ते झाड सोडून देतो. एल्म नावाच्या झाडाचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की ते अशा रीतीने फुटतच नाही. म्हणून बैलगाडी-घोडागाडीच्या चाकाचा तुंबा आणि खुर्चीची बैठक त्याच्यापासून करत : चहूबाजूंनी भोकं पाडून कुसं ठोकली तरी ते तडकत नाही.

इतका खटाटोप कशासाठी? करवतीची फळी कितीही गुळगुळीत असली तरी तिच्यातले पुष्कळ तंतू मध्येच कापले गेलेले असतात. फाडून काढलेल्या फळीतला प्रत्येक तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतो. ती वाकते, पण मोडत नाही. पाणीही तिच्यात सहज शिरत नाही, कारण लाकडाच्या नळ्या कापून उघड्या पडलेल्या नसतात. म्हणजे कमी जाडीत तीच ताकद मिळते.

याचा सर्वांत मोठा पुरावा डेन्मार्कमध्ये रोस्किल्डच्या खाडीत सापडला. अकराव्या शतकात शत्रूच्या गलबतांना वाट अडवायला तिथल्या लोकांनी जुनी गलबतं दगड भरून बुडवली होती. 1962 साली त्या जागेभोवती बांध घालून, पाणी उपसून पाच गलबतांचे अवशेष बाहेर काढले गेले. त्यांतलं सर्वांत लांब सुमारे 30 मीटरचं, लढाऊ. त्याच्या लाकडातली वार्षिक कडी मोजल्यावर कळलं की ते 1042च्या सुमारास डब्लिनच्या परिसरातल्या ओकपासून बांधलेलं आहे. त्याच्या फळ्या करवतीने कापलेल्या नव्हत्या. व्हायकिंग गलबतं बांधणारे कारागीर करवत वापरतच नसत. ओकचा जाड ओंडका पाचरी मारून केंद्रापासून सालीपर्यंत, केकचे काप काढावेत तसा, सोळा किंवा बत्तीस भागांत फाडत आणि कुऱ्हाडीने तासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या फळ्या करत. ओकमध्ये केंद्राकडून सालीकडे जाणारे किरणांसारखे पट्टे असतात. त्या पट्ट्यांवरून फाडला तर तो जवळपास स्वतःहून मार्ग देतो. 2000 ते 2004 या काळात रोस्किल्डच्या संग्रहालयाने त्याच पद्धतीने तेच गलबत पुन्हा बांधलं आणि 2007 साली साठाहून जास्त खलाशी ते घेऊन उत्तर समुद्र ओलांडून डब्लिनला पोचले. लाटेवर त्याचं सबंध अंग पिळवटतं आणि परत सरळ होतं. ताठ, जाड फळ्यांचं गलबत इतकं वल्हवता आलं नसतं, आणि मला वाटतं, ‘राइव्ह’ या शब्दाचा अर्थ या गलबताइतका नेमका कुठल्याच कोशाने सांगितलेला नाही. ते क्रियापद इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलं ते अशाच गलबतांतून.

पिंपांची गोष्टही अशीच. फ्रान्समधल्या ओकच्या वाइनच्या पिंपासाठी पट्ट्या आजही फाडूनच काढतात. कापल्या तर नळ्या उघड्या पडून पिंप पाझरतं. ओंडक्याच्या साधारण पाव भागाच्याच पट्ट्या होतात, बाकी वाया जातो. ही पिंपं महाग असण्याचं ते एक कारण. अमेरिकी पांढऱ्या ओकच्या नळ्या निसर्गतःच आतून बुजलेल्या असतात, म्हणून तो कापला तरी चालतो.

आणि आपल्या सगळ्यांच्या हातून गेलेली वस्तू म्हणजे क्रिकेटची बॅट. इंग्लिश विलोचा ओंडका, बॅटच्या पात्यापेक्षा थोडा लांब तोडून, पाचरी मारून उभा फाडतात. त्या तुकड्याला ‘क्लेफ्ट’ म्हणतात. हा शब्द ‘क्लीव्ह’ या राइव्हच्या जोडीदार क्रियापदाचा. (या ‘क्लीव्ह’चं एक नवल म्हणजे त्याचा अर्थ फोडणंही होतो आणि चिकटून राहणंही, जुन्या इंग्रजीतली दोन वेगळी क्रियापदं उच्चार घासून एकसारखी झाली.) दुकानात बॅट निवडताना आपण पात्यावरच्या उभ्या रेघा मोजतो. प्रत्येक रेघ झाडाचं एक वर्ष. त्या वरपासून खालपर्यंत सरळ उतरलेल्या दिसतात, कारण तुकडा त्यांच्याच वाटेने फुटलेला असतो. ताशी 140 किलोमीटरने येणारा चेंडू ज्याच्यावर आदळायचा, त्या लाकडात तुटका तंतू चालत नाही.

हे सगळं इतकं गुणाचं होतं तर क्रियापद मागे का पडलं? झाडं संपली. सरळ, गाठ नसलेलं, शंभर-दोनशे वर्षांचं ओक असेल तरच हे काम होतं. सतराव्या शतकात अमेरिकेत पोचलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांना अशी जंगलंच्या जंगलं मिळाली. 1621 साली ‘फॉर्च्यून’ हे जहाज प्लिमथहून इंग्लंडकडे निघालं, ते ओक फाडून काढलेल्या फळकुटांनी गच्च भरलेलं होतं, वर थोडी बीव्हर आणि ऑटरची कातडी. वाटेत फ्रेंचांनी ते पकडून सगळा माल लुटला. युरोपात मात्र तोवर करवत पुढे निघून गेली होती. 1593 साली कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन या डच माणसाला पवनचक्कीवर चालणाऱ्या करवतीचं पेटंट मिळालं. करवतीला वाकडं, गाठाळ, कसलंही झाड चालतं; एकसारख्या फळ्या पडतात आणि कामाला कसबी हात लागत नाहीत. पुढे यंत्राची करवत हाताने कापणाऱ्यांच्याही पोटावर आली, आणि 1768 साली लंडनच्या लाइमहाउस भागातली करवत-गिरणी त्यांनी मोडून टाकली. फाडणाऱ्यांची तर मोडतोड करण्याइतकीही संख्या उरली नव्हती. शेक्सपिअरने 1599च्या सुमारास ‘ज्युलियस सीझर’मध्ये हे क्रियापद दोनदा वापरलं, एकदा वादळाने फोडलेल्या ओकसाठी आणि एकदा मित्राने दुखावलेल्या काळजासाठी. तेव्हाच्या प्रेक्षकांना दोन्ही ठिकाणी तेच चित्र दिसत असणार : वरपासून खालपर्यंत आपल्याच रेषेने उलगडलेलं लाकूड. आजच्या वाचकाला फक्त जुन्या नाटकाची भाषा ऐकू येते.

यातून वापराचा एक नियम मला पटतो. काच, मडकं, कप हे ‘रिव्हन’ होत नाहीत. त्यांचे तुकडे होतात, ते कुठूनही होतात. ज्याच्या अंगात आधीपासून रेषा आहे तेच रिव्हन होतं : लाकूड, थर असलेला दगड, घराणं, पक्ष, समाज. ब्रिटनचं सार्वमत जी फूट पाडून गेलं ती वय, शिक्षण, शहर आणि गाव यांच्या रेषांवरून गेली. त्या रेषा आदल्या दिवशीही तिथेच होत्या. 23 जूनने फक्त पाचर मारली. लिहिणाऱ्याच्या मनात नुसतं ‘मतभेद झाले’ एवढंच असेल, तर हा शब्द त्याने खर्चू नये.

काही कोपऱ्यांत क्रियापद अजून जिवंत आहे. अमेरिकेत 1978 साली जॉन अलेक्झांडर यांचं ओल्या झाडापासून खुर्ची करण्याविषयीचं पुस्तक आलं, आणि तेव्हापासून हौशी व व्यावसायिक कारागिरांची एक पिढी फ्रो हातात घेऊन उभी राहिली. त्यांच्या बोलण्यात ‘राइव्ह’ दिवसातून दहादा येतं. करवतीच्या टेबलावर पात्याच्या लगेच मागे एक उभी लोखंडी पट्टी असते. कापलेली फट मिटून पातं चिमटलं जाऊ नये, आणि फळी उसळून कामगाराच्या छातीवर येऊ नये, म्हणून. तिचं नाव ‘रायव्हिंग नाइफ’. ‘नाइफ’ हा शब्दही त्याच व्हायकिंगांचा. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हॉनिस्टर इथे सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेची हिरवी स्लेट निघते. ती छिन्नीने पातळ पापुद्र्यांत फोडणाऱ्याला तिथे ‘राइव्हर’ म्हणतात आणि कडा नीट करणाऱ्याला ‘ड्रेसर’. तिथेही नियम लाकडाचाच : खाणीतून नुकता निघालेला, ओल असलेला दगड चांगला फुटतो, वाळला की अडून बसतो.

सर्वांत जास्त खप मात्र ‘रिव्हन’चा ब्रिटनमधल्या फरशांच्या दुकानांत आहे. अंगणात, बागेच्या वाटेवर घालायला खडबडीत, नैसर्गिक पोताची फरशी लोकांना आवडते, आणि तिच्या माहितीपत्रकावर हा शब्द ठळक छापलेला असतो. यातली पुष्कळशी फरशी राजस्थानातून, कोटा-बुंदी-भिलवाड्याच्या पट्ट्यातून जाते. तो विंध्य समूहातला वालुकाश्म आहे. त्याचे थर एकावर एक असे आडवे रचलेले असतात, आणि खाणीत माणसं हातोडा-छिन्नीने थराच्या रेषेवर ओळीने ठोके देत, मग पहार घालून एकेक फरशी उचलून काढतात. ठोका चुकला तर फरशी आडवी तुटते आणि तिचा भाव जातो. वालुकाश्मात क्वार्ट्झ भरपूर. कोरड्या ठोक्यांनी उडणारी त्याची धूळ फुप्फुसात साचते आणि तिथे सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. खाणकामगारांमध्ये तो इतका पसरला की राजस्थान सरकारला 2019 साली त्यासाठी स्वतंत्र धोरण आणावं लागलं : तपासणी, प्रमाणपत्र, रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबाला मदत. लंडनच्या माहितीपत्रकात फरशी ‘रिव्हन’ असते. फोडणारा बुंदीत असतो.